रिटायरिंग रूम

मल्हारीला इंग्रजी येत नव्हतं, पण इंग्रजी शब्दांचं त्याला भारी वेड. दौंड जंक्शनवर रूळ बदलणारा सांधेवाला म्हणून त्याची उभी हयात गेली. एवढ्या वर्षांत नाही नाही ते शब्द कानांवरून गेले. बाकीचे लोक शब्द ऐकायचे, वापरायचे आणि सोडून द्यायचे. मल्हारी मात्र तिथंच थांबायचा. शंटिंग म्हणजे डबे इकडचे तिकडं करणं, हे दौंडात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण त्याला शंटिंगच का म्हणायचं, हे तो चार जणांना विचारत फिरायचा आणि चारी जण त्याला वेड्यात काढायचे.

त्याला सगळ्यात आधी उमगलेला शब्द म्हणजे रूम.

मल्हारीचं घराणं धनगराचं. माणसं भीमेपल्याडची, तळेगाव ढमढेऱ्याच्या बाजूची, पण गावात पाय ठरायचा तो चार महिनेच. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन बाहेर पडायचं ते पावसाच्या तोंडाशी परतायचं. घर म्हणजे घोड्याच्या पाठीवर लादलेला संसार. रात्री मेंढरांभोवती जाळीची वाघर लावायची आणि माणसांनी आभाळाखाली पडायचं. मल्हारी विशीत असताना दौंडच्या फाटकाशी त्यांचा कळप अडला. समोर इंजिन वाफ सोडत उभं होतं. फाटक उघडलं, मेंढरं पुढं गेली आणि मल्हारी मागं राहिला. बाप शोधत आला तेव्हा पोरगं स्टेशनातल्या लॅम्प रूममध्ये कंदिलांच्या काचा पुसत बसलं होतं. बापानं उंबऱ्याबाहेरूनच आत पाहिलं. चार भिंती, छताला काजळी, रॉकेलचा उग्र वास.

"ज्याला भिंती पायजेत त्यानं भिंतीत ऱ्हावं," बाप म्हणाला आणि आल्या पावली निघून गेला.

पुढं मल्हारीनं गीताबाईशी लग्न केलं, रेल्वेच्या क्वार्टरमध्ये संसार थाटला, दोन लेकी वाढवून सासरी पाठवल्या. गावाकडं तो लग्नामयताला जायचा, पण मुक्काम करायचा नाही. बाप वारला तेव्हाही तिसऱ्या दिवशी परतला. मागं धाकट्या म्हस्कूनं मेंढरं कमी केली, विहीर पाडली, घर बांधलं. त्या घरात मल्हारी पाहुण्यासारखा भिंतीला टेकून बसायचा आणि चहा झाला की उठायचा.

तर, रूम. मल्हारीनं या शब्दाचा असा हिशोब लावला होता की रूमच्या पुढं जो शब्द येतो तो त्या खोलीचा मालक. लॅम्प रूममध्ये दिवे. वेटिंग रूममध्ये गाडीची वाट बघणारे. रनिंग रूमनं मात्र त्याला बरीच वर्षं चकवलं होतं, कारण तिथं कुणीच पळत नाही, उलट सगळे घोरत पडलेले. शेवटी वजीरनं उलगडा केला. वजीर हा रनिंग रूमचा खानसामा आणि मल्हारीचा शेजारी. एका भिंतीपलीकडं त्याचं आणि हमीदाचं बिऱ्हाड. तो म्हणाला, "अरं, गाडीवर पळनारी मानसं, डायवर, गारड, फायरमन. त्यांना रनिंग स्टाप म्हंत्यात. त्यांची ती रूम." म्हणजे हिशोब बरोबरच होता.

हा हिशोब कधी चुकला नव्हता, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच मे महिन्यात मल्हारीची नोकरी संपत होती. क्वार्टर खाली करायचा होता. गीताबाईनं उतरंडीतली मडकी आधीच फडक्यात बांधायला काढली होती. मल्हारी मात्र कुठं जायचं याबद्दल चकार शब्द काढत नव्हता. म्हस्कूनं दोनदा निरोप पाठवला होता की गाडी घेऊन येतो, दिवस सांगा. मल्हारीनं दोन्ही वेळा "बघू" म्हणून सांगितलं.

आणि अशातच ती पाटी आली.

स्टेशनाला नवा रंग लागला होता. फलाटाच्या टोकाला जिना होता आणि वरच्या मजल्यावर दोन खोल्या होत्या. इतकी वर्षं त्यात मोडकी बाकं नि जुने कागद कोंबलेले. त्या झाडून काढल्या, चुना दिला, वर खाटा चढल्या. रंगाऱ्यानं जिन्याशी पाटी ठोकली. मल्हारी ड्यूटी संपवून हातात हिरवा-लाल बावटा गुंडाळून चालला होता, तो पाटीखाली थबकला. हिंदीतली अक्षरं त्याला लावून लावून वाचता यायची. विश्राम कक्ष. वरची इंग्रजी त्यानं रंगाऱ्यालाच विचारली.

"रिटायरिंग रूम," रंगारी कुंचला पुसत म्हणाला.

मल्हारी तिथंच उभा राहिला. रिटायर हा शब्द तर गेले सहा महिने रोज त्याच्या कानावर पडत होता. "मल्हारी, कवा रिटायर?" "आबा, आता रिटायर झाल्यावर मज्जा." रिटायर होणाऱ्यांची रूम. आणि खाली हिंदीत स्वच्छ लिहिलेलं, विश्राम. कामातून सुटलेल्या माणसाला विश्राम नाही तर काय लागतं?

घरी येऊन त्यानं पाय धुतले आणि गीताबाईला म्हणाला, "मडकी बांधायची घाई करू नगंस."

"का वं?"

"सरकारनं सोय केलीय. ठेसनावर. रिटायर मानसांसाठी रूम काढलीय."

गीताबाई हातातलं मडकं तसंच धरून त्याच्याकडं बघत राहिली. "कुनी सांगितलं?"

"पाटीच हाय."

"समद्या रिटायर मानसांना पुरंल का यवढी? दोनच तर खोल्या हायती वर."

हा प्रश्न मल्हारीच्या डोक्यात आला नव्हता. त्यानं विचार केला. "पाळी लावत असत्याल. आदी ज्याचा लंबर."

संध्याकाळी ओट्यावर त्यानं वजीरला विचारलं. वजीर विडी ओढत होता. तो म्हणाला, "चादरी हायत तितल्या, मला म्हाईत हाय. आमच्याच धोब्याकडं येत्यात. रोज बदलत्यात."

"रोज?"

"रोज. म्हंजी मानसं बी रोज बदलत आसतील, न्हाई का?"

मल्हारीला हे बुचकळ्यात टाकणारं वाटलं. रिटायर झालेला माणूस एका दिवसात कुठं जाईल? पण वजीरला तरी नक्की काय ठाऊक होतं? तो तर वर गेलाच नव्हता. स्टेशनातलं कुणीच गेलं नव्हतं. जिन्याला साखळी होती. मल्हारी ड्यूटीवर येता-जाता मान वर करून त्या खिडक्यांकडं बघायचा. एकदा आतून पडदा हलल्यासारखा वाटला. त्या दिवशी त्याचं सांध्यावरसुद्धा लक्ष नव्हतं आणि केबिनवाल्याच्या शिव्या खाव्या लागल्या.

खरं तर कुणालाही सरळ विचारता आलं असतं. पण विचारलं आणि नाही म्हणाले तर? मग म्हस्कूला दिवस कळवावा लागणार. गीताबाई हे ओळखून होती. मडकी बांधायचं तिनं थांबवलं नाही.

शेवटी नोकरीचा आठवडा उरला तेव्हा मल्हारीनं धीर केला. धुतलेला सदरा घातला, टोपी झटकली आणि स्टेशन मास्तरांच्या ऑफिसात जाऊन उभा राहिला. मोठे मास्तर जेवायला गेले होते. टेबलाशी हौसराव होता. असिस्टंट मास्तर, वय तिशीच्या आत, वरवंडचा राहणारा, हसतमुख. बाकड्यावर तारबाबू आणि दोन गार्ड चहा पीत बसले होते.

"काय आबा?" हौसराव म्हणाला.

"साहेब, माजी रूम कवा मिळंल?"

"कसली रूम?"

"ती वरली. रिटायरिंग रूम. मी एकतीसला रिटायर हाय. कारभारीन हाय संगं, दोघंच. सामान जास्त न्हाई."

क्षणभर ऑफिसात फक्त तारेची कटकट ऐकू आली. मग एक गार्ड चहा नाकात जाऊन ठसकला. तारबाबूनं मांडीवर थाप मारली. हौसरावनं आधी ओठ दाबून धरले, पण त्यालाही आवरलं नाही. हसता हसताच तो म्हणाला, "आबा, ती पॅसेंजर लोकांची हो. रात्रीची गाडी हुकली की झोपायला. रिटायर लोकांची नाही."

मल्हारी म्हणाला, "मग पाटीवर तसं का लिवलंय?"

यावर पुन्हा हशा झाला. मल्हारीनं टोपी सारखी केली आणि बाहेर पडला.

दौंड जंक्शन असलं तरी गोष्ट पसरायला खेडंच. संध्याकाळपर्यंत रुळांवरच्या गँगच्या पोरांनी त्याला रूमवाले आबा करून टाकलं. सांध्यावर उभा असताना एक फायरमन इंजिनातून ओरडला, "आबा, खाटा टाकल्या का?" मल्हारीनं बावटा दाखवला आणि तोंड फिरवलं.

पण घरी आल्यावर त्याला राग आला होता तो लोकांचा नव्हता. त्याला त्या शब्दाचा राग आला होता. वजीर ओट्यावर येऊन बसला तसा तो उसळून म्हणाला, "मला योक सांग. गाडी हुकल्याला मानूस रिटायर कसा? त्याची नोकरी गेली का? हुकली गाडीच ना?"

वजीर डोकं खाजवत म्हणाला, "मला काय ठावं? मेमसाबला इचारू."

मेमसाब म्हणजे मिसेस रोझारिओ. इंजिन ड्रायव्हरची विधवा. वजीर रनिंग रूममध्ये लागायच्या आधी तिच्या घरी स्वयंपाकाला होता आणि अजूनही रविवारी जाऊन तिला भाजी चिरून देऊन यायचा. म्हातारी लिंबाच्या झाडाखालच्या बंगलीत एका बाजूला राहायची. बाकीची बंगली दुसऱ्यांना दिलेली. मल्हारीनं रिकाम्या हातानं जायला नको म्हणून पिशवीभर कैऱ्या घेतल्या.

मिसेस रोझारिओच्या खोलीत पाय ठेवायला मुश्किल. मोठ्या घराचं सामान एका खोलीत दाटलेलं. कपाटावर कपाट, पियानोवर पेट्या, मधोमध गोल टेबल आणि त्यावर कपबश्या, चष्मा, औषधाच्या बाटल्या, शिवणाचा डबा. वजीरनं सगळी हकीगत सांगितली. मल्हारी दाराशी उभा. त्याला वाटलं, आता इथंही हसतील. म्हातारी हसली नाही. तिनं चष्मा लावला आणि तिच्या धेडगुजरी हिंदीत म्हणाली, "बैठो, मल्हारी. तुम गलत नहीं. वो वर्ड बदमाश है."

मल्हारी खुर्चीच्या कडेवर टेकला.

"मेरा डॅडी," ती सांगू लागली, "डिनर होते ही कुर्सी पीछे करता और बोलता, नाउ आय रिटायर. मतलब, सोने को जाता. और सुबह फिर इंजिन पर."

"म्हंजी रोज रिटायर?" मल्हारीनं विचारलं.

"एव्हरी नाइट!"

मल्हारीच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. रोज रात्री रिटायर होणारा आणि सकाळी कामावर जाणारा माणूस त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला. "आन् नोकरी सुटती त्याला?"

"वो भी रिटायर. लढाई में सोल्जर पीछे हटा, वो भी रिटायर. पीछे हो गया, बस. सबके बीच से उठ के अपनी जगह चला गया. कोई नौकरी से, कोई डिनर से."

मल्हारी पुटपुटला, "उठून आपल्या जागी गेला." पाटीवरचं विश्राम, रोज बदलणाऱ्या चादरी, गाडी हुकलेला माणूस, सगळं जाऊन आपापल्या खणात बसलं. त्याला इतकं बरं वाटलं की ऑफिसातली फजिती क्षणभर आठवलीसुद्धा नाही.

"येवढं एक लफडं सुटलं," तो वजीरला म्हणाला. "रूमचं बरं असतंय. त्यात काय गोंधळ न्हाई. रूम म्हंजी खोली."

म्हातारीनं मान हलवली. "नो, नो. रूम तो और भी बदमाश है." मग ती खिडकीकडं बघत म्हणाली, "मेरी बेटी बँगलोर में है. उसका घर में चार रूम है. बट देअर इज नो रूम."

मल्हारीनं वजीरकडं पाहिलं. वजीरनं खांदे उडवले.

"चार हाईत," मल्हारी म्हणाला, "आन् न्हाई बी?"

म्हातारीनं त्याच्या हातातल्या पिशवीकडं बोट केलं. "मँगो टेबल पर रखो."

मल्हारी उठला. टेबलावर बोट ठेवायला जागा नव्हती. तो पिशवी घेऊन घोटाळला.

"नो रूम," म्हातारी म्हणाली. मग तिनं कपबश्या एकात एक घातल्या, बाटल्या कडेला सारल्या, शिवणाचा डबा मांडीवर घेतला. टेबलाच्या मधोमध लाकूड दिसू लागलं. "नाउ देअर इज रूम. रखो."

मल्हारीनं पिशवी ठेवली. टेबलाच्या त्या रिकाम्या तुकड्याकडं तो बघतच राहिला. भिंत नाही, छप्पर नाही, दार नाही, आणि तरी रूम. इतकी वर्षं त्यानं हा शब्द भिंती मोजून ओळखला होता.

"म्हंजी जागा," तो म्हणाला.

"हां. जगह. चार दीवार वाला भी रूम, और कोई थोडा सरक के देता है, वो भी रूम."

परतताना वजीर आंब्याच्या लोणच्याबद्दल काहीबाही बोलत होता. मल्हारीनं त्याला मधेच थांबवलं. "वजीर, म्हातारीला लेक न्हेत न्हाई व्हय रं?"

"न्हाई. म्हातारी दोनदा जाऊन परत आली."

रात्री जेवायला बसल्यावर मल्हारीनं गीताबाईला सांगितलं, "म्हस्कूला सांगावा धाडू. एक तारखेला केडगाव ठेसनावर गाडी घिऊन ये म्हनावं."

गीताबाईनं भाकरी त्याच्या ताटात वाढली. "सांगावा मी कवाच धाडलाय," ती म्हणाली.

नोकरीच्या शेवटच्या दिवशी फलाटावर छोटासा समारंभ झाला. हार, नारळ, मोठ्या मास्तरांचे चार शब्द. टाळ्या वाजवून लोक पांगले, तसा हौसराव जवळ आला. त्याच्या बोटात किल्ली होती.

"आबा, त्या दिवशी मी हसलो. फार हसलो. येताय का वर? बघून तरी घ्या."

मल्हारीनं गीताबाईला हाक मारली. साखळी निघाली आणि तिघं जिना चढले. गीताबाईनं पदर डोईवर घट्ट ओढून घेतला होता, जणू देवळात चालली होती.

दार उघडलं. चुन्याचा आणि धुतलेल्या कापडाचा वास आला. दोन लोखंडी खाटा, त्यांवर मच्छरदाण्या गाठ मारून वर टांगलेल्या, एक आरसा, पांढरं शुभ्र वॉशबेसिन, टेबलावर पाण्याचा तांब्या पालथ्या पेल्यानं झाकलेला. मल्हारी एकेक वस्तू बघत फिरला. त्यानं नळ सोडून पाहिला, बंद केला. मच्छरदाणीची गाठ बोटानं चाचपली. आरशात आपला हार घातलेला अवतार बघून जरा लाजला. गीताबाई खाटेच्या कडेवर बसली, खाली-वर हलून पाहिली आणि तोंडावर पदर धरून हसली. मग तिनं चौफेर नजर फिरवली.

"चूल कुठाय?"

"चूल नसती हितं," हौसराव म्हणाला.

"मंग दिवा लावायला देवळी? कापडं अडकवायला खुटी?"

"एक आहे ना, दारामागं."

"येक खुटी," गीताबाई मल्हारीला म्हणाली. "हितं कुनी ऱ्हात न्हाई वं. निजत्यात आन् जात्यात."

मल्हारी खिडकीशी गेला होता. खिडकीतून सबंध यार्ड दिसत होतं. पुण्याकडचे रूळ, मनमाडकडं वळणारे, सोलापूरकडचे, शेडकडं फुटलेल्या लायनी. इतकी वर्षं तो त्यांच्या मधूनच चालत आला होता. एकेका सांध्याचा खटका हाताला ठाऊक होता, पण ते सगळे मिळून कसे दिसतात हे त्यानं कधी पाहिलं नव्हतं. रूळ एकमेकांत शिरत होते, बाजूला होत होते. एक मालगाडी हळूहळू आत येत होती आणि त्याच्या जागी लागलेला नवा सांधेवाला बावटा धरून उभा होता. वरून तो अगदी एवढासा दिसत होता.

"आबा, तुम्हाला पास मिळालाय केडगावपर्यंतचा," हौसराव मागून म्हणाला. "म्हणजे तुम्ही आता पॅसेंजर झालात. सकाळचीच गाडी आहे. आजची रात्र हवी तर राहा. आज कुणाचं बुकिंग नाही."

मल्हारीनं वळून खाटांकडं पाहिलं, मग गीताबाईकडं. "नगं साहेब. बगितलं. मला बगायचंच हुतं."

क्वार्टरची किल्ली देऊन झाली होती, म्हणून त्या रात्री दोघं वजीरच्याच घरी निजले. हमीदानं शेवया केल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी केडगावला म्हस्कू बैलगाडी घेऊन उभा होता. भावाभावांत पहिलं बोलणं ट्रंक कुठं ठेवायची यावरच झालं. रस्ता रखरखीत, बैल धीम्या पावलाचे. उन्हाळ्यात भीमेला पाणी ते किती! गाडी पात्रातूनच पार झाली, फक्त मधल्या धारेला गीताबाईनं पाय वर घेतले. पलीकडच्या काठावर चढल्यावर म्हस्कू बैलांकडं बघतच म्हणाला, "बाबा असता तर बरं झालं असतं."

मल्हारी सावरून बसला.

"त्याला शेवटी शेवटी दिसत नव्हतं," म्हस्कू म्हणाला. "पर कान तिखट. वारं तिकडचं आसलं की रातच्याला केडगावची शिट्टी यायची आयकू. मंग म्हनायचा, मल्हारीनं सोडली बग गाडी. मी म्हनायचो, आरं बाबा, दादा दौंडला, ही गाडी केडगावाची. त्यो म्हनायचा, समद्या तोच सोडतो."

मल्हारीनं गाडीचा दांडा घट्ट धरला. मग तो म्हणाला, "आदी का न्हाई सांगितलंस?"

"तू थांबत कवा हुतास?"

वस्तीवर पोचायला दुपार टळली. म्हस्कूची बायको अनसाबाई भाकरतुकडा ओवाळून आत घेऊन गेली. घर म्हणजे मातीच्या भिंतींचा एक लांबट सोपा. अर्ध्यात माणसं, अर्ध्यात उन्हाळी कांदा पसरलेला, पार आढ्यापर्यंत वास. मल्हारीची ट्रंक, गीताबाईची मडकी नि दोन घोंगड्या दारातच राहिल्या, कारण पुढं न्यायला वाट नव्हती. मल्हारी उंबऱ्यावर उभा राहून बघत होता. तोंडातून सवयीनं निघून गेलं, "म्हस्कू, रूम हाय का रं?"

म्हस्कूचा चेहरा पडला. "रूम कुठली आमच्याकडं, दादा? तू ठेसनात ऱ्हायल्याला मानूस. हितं रूम-बीम न्हाई." तो गडबडीनं पुढं झाला आणि दोन्ही हातांनी कांदा मागं लोटू लागला. "पर जागा हाय की! जागा का न्हाई? ह्यो कांदा काय, जरा सरकवला की झालं."

मल्हारीला हसू फुटलं. पोट धरून तो उंबऱ्यावरच बसला. गीताबाईलाही आवरेना. म्हस्कू कांदे हातात घेऊन उभा, तोंड रागानं लाल. "हसाया काय झालं?"

"आरं, तुला न्हाई हसलो," मल्हारी डोळे पुसत म्हणाला. "इंग्रजीत दोन्हीला येकच शबूद हाय. खोली म्हंजी बी रूम, आन् जागा म्हंजी बी रूम."

म्हस्कूनं विचार केला. "मंग त्यांस्नी कळतं कसं, कंची इचारली त्ये?"

"न्हाई कळत. इचारावं लागतंय."

"भलतीच भासा हाय," म्हस्कू म्हणाला आणि पुन्हा कांद्याला लागला. मल्हारीनं टोपी खुंटीला अडकवली, धोतराचा काचा मारला आणि दुसऱ्या बाजूनं ढीग ओढायला बसला. अंधार पडायच्या आत त्यांनी भिंतीकडची बाजू मोकळी केली.

पावसाळा सरल्यावर भावांनी तिथंच मधे भिंत घातली. मल्हारीला केडगावच्या अंगाला खिडकी हवी होती. म्हस्कू म्हणत होता, तिकडून पाऊस आत येतो. दोन दिवस वाद चालला. शेवटी खिडकी झाली, पण लहान.

दिवाळीनंतर वजीर आणि हमीदा चार दिवस राहायला आले. वजीरनं खोलीत पाऊल ठेवल्या ठेवल्या भिंती, खिडकी, उतरंड सगळं खानसाम्याच्या नजरेनं जोखलं आणि गीताबाईला म्हणाला, "वयनी, चूल चुकीच्या बाजूला घातलीय. धूर समदा खाटंवर यील."

"तेच मी ह्यांना सांगत हुते," गीताबाई म्हणाली.

मल्हारी खिडकीशी बसला होता. तिथूनच तो म्हणाला, "वजीर, मेमसाबचं काय झालं?"

"लेक आलती न्यायला," वजीर म्हणाला. "पियानो इकला, आन् म्हातारी गेली बँगलोरला. आता बघायचं कसं हुतंय ते."

मग त्यानं बाह्या सारल्या आणि चूल उकरायला पहार मागितली.